बसलेला आवाज आणि एक घराणे

उस्ताद अल्लादियाखाँ यांचे नाव निघाले की गाणारे आजही कानाच्या पाळीला हात लावतात. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे गायक, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचे गुरू. एवढे सांगितले की आपण थांबतो. ज्या गळ्यातून हे सारे आले त्या गळ्याचे काय झाले, हे फारसे कुणी विचारत नाही.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ सालचा, राजस्थानातील उनियाऱ्याचा. घरात धृपदाची परंपरा. वडील लवकर गेले आणि चुलते जहाँगीरखाँ यांनी तालीम दिली. पुढे आमलेटा नावाच्या लहानशा संस्थानात मुक्काम पडला. तिथला संस्थानिक गाण्याचा इतका वेडा की फर्माईश संपेना. दिवसामागून दिवस गावे लागले आणि अखेर आवाज गेला. बराच काळ परतला नाही. परतला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता.

हे गूढ नव्हे. योगायोग असा की त्याच १८५५ साली मान्युएल गार्सिया या स्पॅनिश गानशिक्षकाने छोट्या आरशातून पाहिलेल्या जिवंत स्वरयंत्राचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवले होते. साध्या बोलण्यातही पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा एकमेकांवर आपटतात. तारसप्तकात त्याच्या दुपटीहून अधिक. विश्रांती न देता गात राहिले की त्यांना सूज येते, आवाज घोगरा होतो. मग गवई जोर लावतो आणि सूज वाढते. कधी गाठीही धरतात. यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे ज्येष्ठमध! घशाला बरे वाटते खरे, पण त्याचा रस अन्ननलिकेत उतरतो, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. तिथे पोचते ती वाफ. आणि खरा इलाज म्हणजे गप्प बसणे. पण दरबारी नोकराला गप्प बसण्याची मुभा कुठली?

आवाजाची जुनी तरलता गेली म्हणून खाँसाहेबांनी लयीच्या बारीक विणीवर, पेचदार तानांवर आणि अनवट रागांवर आपली गायकी उभी केली, असे सांगितले जाते. त्यात तथ्य असावे. मात्र यावरून कुणी आमलेट्याच्या प्रसंगाला वरदान म्हणू लागला की आम्हांला ते पटत नाही. ही बुद्धी, ही तालीम आधीपासूनच होती. शाबूत गळ्यानेही तिने काही घडवले असतेच. वरदान म्हणणे म्हणजे त्या संस्थानिकाला फुकटची माफी देणे आहे.

आमच्या मोहल्ल्यात नातखानी करणारी मुले रबिउल अव्वलमध्ये रात्रीमागून रात्री माइकला तोंड लावून ओरडतात. महिनाअखेर निम्म्यांचे घसे बसलेले असतात. ‘और एक’ म्हणणाऱ्यांत आम्हीही असतो.

शाहू महाराज १९२२ मध्ये गेले. खाँसाहेब मुंबईला आले आणि १९४६ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आपल्या हाती नाही. आवाज जाण्यापूर्वीचे ते गाणे ऐकले, ते आमलेट्याच्या त्या दरबाराने आणि त्याआधीच्या काही मेहफिलींनीच.