ख्रिस्ती आशा व तारण : महाराष्ट्रातील दुष्काळांच्या संदर्भात

ख्रिस्ती धर्मशास्त्रात विश्वास व प्रीती यांच्या जोडीने आशा हा तिसरा मूलभूत सद्‌गुण मानला जातो. परिस्थिती लवकरच सुधारेल, ही व्यावहारिक अपेक्षा येथे अभिप्रेत नसून परिस्थिती सुधारण्याचे कोणतेही चिन्ह नसताना ईश्वराच्या अभिवचनावर टिकवलेली निष्ठा अभिप्रेत आहे. जुन्या करारातील ईयोबाचा ग्रंथ, विलापाची स्तोत्रे आणि बाबिलोनच्या बंदिवासातील संदेष्ट्यांची वचने ही या कल्पनेची मूळ भूमी होय. नव्या करारात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात क्लेशापासून धीर, धीरापासून शील व शीलापासून आशा अशी परंपरा सांगितली आहे. आशेचा विषय जे तारण, त्याचा मूळ हिब्रू अर्थ शत्रू, रोग, दास्य यांसारख्या प्रत्यक्ष संकटातून सुटका असा असून पापमुक्तीचा अर्थ पुढे अधिक ठळक झाला. मराठीत ‘तारण’ हा शब्द कर्जासाठी ठेवावयाच्या गहाणासही लावतात. सावकाराकडे जमीन तारण ठेवून बसलेल्या शेतकऱ्याच्या कानी उपदेशकाचा हा शब्द कोणत्या अर्थाने पडत असेल, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

या कल्पनेची खरी कसोटी महाराष्ट्रात दुष्काळांनी घेतली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व सोलापूर हे जिल्हे आणि त्यांना लागून असलेला मराठवाडा हा अवर्षणाचा सलग पट्टा आहे. आजचा धाराशिव जिल्हा त्याच पट्ट्यात, बालाघाटच्या पठारावर मोडतो. निजामाच्या राज्यात तो प्रथम नळदुर्ग जिल्हा म्हणून, नंतर उस्मानाबाद या नावाने ओळखला जाई. धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाले. १८७६–७८ व १८९९–१९०० या दोन महादुष्काळांनी इंग्रजी मुलूख आणि निजामी मुलूख असा भेद केला नाही. पहिल्या दुष्काळाच्या काळात अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर भागात मदतकार्य केले व त्यानंतरच्या वर्षांत तेथील महार-मांग समाजांतून ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यांची संख्या वाढली. हे धर्मांतर केवळ पोटासाठी झाले, हा आक्षेप तेव्हापासून घेतला जातो. त्यात तथ्यांश आहे. तथापि दुष्काळ ओसरल्यावरही यांतील पुष्कळ कुटुंबे त्या धर्मात का टिकली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. अस्पृश्यतेचे दुःख दुष्काळासारखे दोन वर्षांत सरणारे नव्हते.

भुकेतून तारणाच्या कल्पनेपर्यंतचा प्रवास सर्वांत स्पष्टपणे आढळतो तो पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत कुटुंबासह तीर्थयात्रा करीत. दक्षिणेत दुष्काळी परिस्थिती निर्माण झाल्यावर जवळचे द्रव्य व्रतदानांत संपले, भिक्षा मागण्याचा वा अंगमेहनतीचा सराव नव्हता, आणि अखेर झाडपाला खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. १८७४ च्या सुमारास वडील व त्यानंतर अल्पावधीत आई व थोरली बहीण मृत्यू पावली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. देवतांनी हाक ऐकली नाही, ही वेदना रमाबाईंच्या पुढील आत्मनिवेदनात वारंवार येते. पंडिता व सरस्वती या पदव्या, विवाह, वैधव्य, इंग्लंडचा प्रवास आणि १८८३ मधील बाप्तिस्मा हा पुढचा भाग सुपरिचित आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे, की त्यांच्या ठिकाणी तारणाचा विचार ग्रंथांतून येण्यापूर्वी उपासमारीतून आला होता.

१८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले व पुढील वर्षी पुण्यास हलविलेले शारदासदन १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादात सापडले. न्या. म. गो. रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडले, ‘केसरी’ने कडक टीका केली. अशा एकाकी अवस्थेत १८९६–९७ च्या दुष्काळाची वार्ता आली. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व तेथील मदतछावण्यांतून आणि रस्त्यांवरून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. स्वतःचे बालपण त्यांना तेथे पुन्हा दिसले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा पुण्यापासून सु. ५५ किमी. वरील केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर तंबू व झोपड्या उभारण्यात आल्या. प्लेगच्या रुग्णालयातील व्यवस्थेवर रमाबाईंनी जाहीर पत्राने टीका केली. ती सरकारला रुचली नाही. परधर्मात गेलेली स्त्री परक्या सरकारची मिंधी असणार, असे मानणाऱ्या टीकाकारांनी या पत्राची दखल फारशी घेतलेली दिसत नाही.

केडगावच्या वसाहतीस १८९८ मध्ये ‘मुक्ती’ हे नाव मिळाले. यशयाच्या साठाव्या अध्यायात नगराच्या तटांना तारण हे नाव दिले आहे. त्यावरून ते घेतलेले आहे. तारण ऐवजी मुक्ती हा भारतीय परंपरेत रुळलेला शब्द निवडण्यात त्यांची भाषिक जाण दिसते. मोक्षशास्त्रातील मुक्ती संसारातून सुटका देते, तर येथील मुक्तीचा आरंभ धान्याच्या कोठारापासून होत होता. १९०० मध्ये गुजरातेतील छप्पनिया दुष्काळातील मुलींची भर पडून वसाहतीची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, अंधांसाठी बार्तिमी सदन अशी गृहे निर्माण झाली. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, तेलघाणा, छापखाना ही कामे स्त्रियाच करीत. छावण्यांतून आणलेल्यांपैकी अनेक मुली इतक्या खंगलेल्या होत्या, की अन्न मिळूनही त्या वाचल्या नाहीत; या मृत्यूंचा उल्लेख न करता केवळ उद्धाराच्या कथा सांगणारे प्रचारवाङ्मय त्या काळी विपुल निघाले. दुष्काळात अनाथ झालेल्या मुलींच्या धर्मनिवडीला स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्नही रास्त असून रमाबाईंविषयीच्या आदरापोटी तो टाळण्याचे कारण नाही.

१९०५ मध्ये मुक्तीत सामूहिक प्रार्थना, रुदन व पापकबुली यांची मोठी लाट उसळली. वेल्समधील १९०४ च्या धर्मजागृतीची बातमी तिच्यामागे होती, तरी तिचे स्वरूप सर्वस्वी आयात नव्हते. भुकेने व घरच्यांच्या मृत्यूंनी वर्षानुवर्षे मुकी झालेली दुःखे या मुलींनी प्रथमच मोठ्याने उच्चारली, असाही तिचा अर्थ लावता येतो. या आवेगास काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी नाक मुरडले. भारतीय स्त्रियांना त्यांच्या रीतीने प्रार्थना करू द्यावी, अशी रमाबाईंची भूमिका होती. शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालविली. निजामी मुलखात गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) येथे, म्हणजे उस्मानाबादला लागूनच, मुक्तीच्या वतीने शाळा चालविण्यात आली. १९२१ मध्ये मनोरमा व पुढील वर्षी ५ एप्रिल रोजी रमाबाई निवर्तल्या. भाषांतरित बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात या परंपरेला निराळे वळण लागले. मनमाड परिसरात स्पॅनिश जेझुइट व्हिन्सेंट फेरर यांनी शेतकऱ्यांच्या सहभागाने विहिरी खोदविल्या. धर्मांतराच्या संशयावरून त्यांना १९६८ मध्ये देश सोडावा लागला, व परतल्यावर त्यांनी आंध्र प्रदेशातील अनंतपूर हे कार्यक्षेत्र निवडले. अहमदनगर भागात स्विस जेझुइट हर्मन बाखर यांनी १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवानंतर विहिरीपेक्षा पाणलोटाकडे लक्ष वळविले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, झाडोरा व चराईबंदी, तीही गावाने स्वतः ठरवून पाळावयाची, ही पद्धती १९८९ पासून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाद्वारे महाराष्ट्रातील अनेक दुष्काळी गावांत पोहोचली. तीत धर्मोपदेश नव्हता, आणि श्रमदानास येणाऱ्याचा धर्म कोणी विचारीत नसे.