विनोदी पाद्री आणि मुंबईची एलायझा

आमच्या कंधार तालुक्यातल्या गावी सप्ताह बसला, की म्हातारी माणसं एका महाराजांच्या कीर्तनाची वाट बघत. महाराज अभंगाचं पहिलं चरण घेत आणि तिथून जे निघत, ते पाटलाची म्हैस, तहसीलचा कारकून, घरातलं भांडण असं सगळं हिंडून शेवटी बरोबर विठोबापाशी येत. पुढं लातूरला इंग्रजी शिकताना ‘ट्रिस्ट्रम शँडी’ हाती पडली, तेव्हा मला हे महाराजच आठवले.

ही कादंबरी लिहिणारा लॉरेन्स स्टर्नही पेशानं धर्मोपदेशकच. १७१३ साली आयर्लंडमध्ये जन्मलेला, फौजेतल्या माणसाचा मुलगा. यॉर्कजवळच्या खेड्यात वीसेक वर्षं पाद्री म्हणून काढली आणि १७५९ च्या अखेरीस कादंबरीचे पहिले दोन भाग छापले. पाहता पाहता लंडनभर त्याचं नाव झालं. नायक स्वतःची जन्मकथा सांगायला बसतो, पण तिसरा भाग येईपर्यंत त्याचा जन्मच होत नाही! आईला भलत्याच वेळी घड्याळाच्या चावीची आठवण होते आणि नायकाच्या मते त्याच्या नशिबाचं गणित तिथंच बिघडतं. एक पात्र मरतं, तर अख्खं पान काळं छापलेलं. एका बाईच्या रूपाचं वर्णन करायचं, तर पान कोरं. तुम्हाला हवी तशी काढून घ्या म्हणे.

पण हा नुसता चावटपणा नव्हे. युद्धात जखमी झालेले टोबीकाका जेवताना छळणारी माशी पकडतात आणि खिडकी उघडून सोडून देतात. एवढासा प्रसंग, पण मी तो वर्गात शिकवताना दंगेखोर पोरंही गप्प होत. आणि एक प्रवचन आहे. स्टर्ननं ते १७५० मध्ये यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये दिलं होतं, तेच पुढं कादंबरीत घातलं. त्याचा मथितार्थ असा, की आपला विवेक आपल्याला निर्दोष ठरवतो म्हणून आपण निर्दोष असतोच असं नाही. स्वार्थ आणि सवय त्या न्यायाधीशाला केव्हाच फितवतात.

हे सांगणाऱ्याची गाठ १७६७ मध्ये लंडनला मुंबईच्या एका बाईशी पडली. घर होतं कमोडोर विल्यम जेम्सचं. हाच जेम्स, ज्यानं १७५५ मध्ये पेशव्यांच्या साथीनं तुळाजी आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग घेतला. बाईचं नाव एलायझा ड्रेपर. केरळच्या अंजेंगोला जन्मलेली, चौदाव्या वर्षी कंपनीच्या एका थोराड अधिकाऱ्याशी लग्न लागलेली. स्टर्न त्रेपन्न वर्षांचा, क्षयानं पोखरलेला, बायको-मुलगी फ्रान्सला. तीन महिन्यांत एलायझा जहाजानं मुंबईकडे निघाली आणि हा तिच्यासाठी रोजनिशी लिहीत बसला. तिच्यात तो स्वतःला ‘ब्राह्मण’ म्हणवतो आणि तिला ‘ब्राह्मणी’. ख्रिस्ती पाद्र्याचं हे सोवळं वाचून मला हसू आवरलं नव्हतं. पण त्यात ताप आहे, रक्त पडणं आहे, आणि मरण दाराशी असताना केलेली थट्टाही आहे. १८ मार्च १७६८ ला तो लंडनमध्ये भाड्याच्या खोलीत वारला.

बहुतेक चरित्रकार इथं हळवे होऊन थांबतात. मला एलायझाचं १७७२ मधलं, मुंबईहून मिसेस जेम्सना लिहिलेलं पत्र जास्त मोलाचं वाटतं. आपण या माणसाची जवळजवळ पूजा करत होतो. त्याच्या मृत्यूनंतर कळलं, की अन्याय, क्षुद्रपणा आणि मूर्खपणा यांचा डाग त्यालाही होता, असं ती स्पष्ट म्हणते. तिला घोर होता तो तिच्या पत्रांचा. ती स्टर्नच्या विधवेच्या हाती पडली होती. गुपचूप लिहिलेलं उघड झालं तर बदनामी कुणाची होणार, हे सांगायला नकोच. प्रेमाच्या नादात पाद्रीबुवांनी हा विचार केलेला दिसत नाही.

जानेवारी १७७३ मध्ये एका रात्री एलायझा माझगावचं नवऱ्याचं घर सोडून निघून गेली. दोरावरून खिडकीतून उतरली आणि होडीत बसली, अशी आख्यायिका आहे. पूर्व किनाऱ्यावर मामाकडे राहून ती इंग्लंडला गेली आणि १७७८ मध्ये वारली. ब्रिस्टलच्या कॅथेड्रलमध्ये तिचं स्मारक आहे. स्टर्ननं तिला लिहिलेली पत्रं पुस्तकरूपानं छापली गेली, पुष्कळ खपली. तिनं त्याला लिहिलेली मात्र उरली नाहीत.