बेत

मराठीत 'बेत' हा शब्द मोठा मजेदार आहे. राजकारणाचा बेत असतो, लढाईचा असतो आणि रविवारी दुपारच्या जेवणाचाही असतो. 'आज बेत काय?' या प्रश्नाचे उत्तर कोणी गनिमी काव्याने देत नाही, 'भरली वांगी' असे देतो. आपल्या इतिहासकारांनी पहिल्या प्रकारचे बेत कसून टिपले. १६६६ मधल्या आग्र्याच्या सुटकेत मिठाईचे पेटारे आहेत म्हणून हे दोन अर्थ क्षणभर एकत्र येतात; परंतु तेथेही ती मिठाई कोणी वळली याची चौकशी आपण केलेली नाही. दुसऱ्या प्रकारच्या बेतांना दफ्तरच नाही.

सुट्टीला मात्र आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० रोजी. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभारली, आणि त्यानंतरच्या सहा वर्षांच्या खटपटीचे हे फळ. रविवारच का, तर साहेबाचा तो प्रार्थनेचा वार एवढेच त्याचे कारण नव्हते; रविवार हा खंडोबाचा वार, हेही लोखंड्यांनी पुढे मांडले होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, अशी नोंद आहे. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीवर शिक्कामोर्तब झाले.

त्या दोन स्त्रिया माझ्या मनातून जात नाहीत. त्यांनी रविवार मागितला, तो मिळाला. मिळालेल्या पहिल्या रविवारी त्यांनी काय केले असेल? नोंद अर्थातच नाही. परंतु इतर सहा दिवस घाईने थापलेल्या भाकरीला त्या दिवशी काही जोड मिळाली असेल, घरचे सारे एका वेळी पानावर बसले असतील, आणि ते पान वाढायला कोणी तरी उभे राहिले असेल, एवढा तर्क करायला कागदाची गरज नाही. आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून जेवण्याची आपली शहरी रीत या सुट्टीतून रुजली. कचेऱ्या आणि शाळा यांचा रविवार त्याआधीचा. गिरणीच्या रविवाराने ती रीत चाळीच्या खोलीत नेली.

या जेवणाचे गणित वाटते तितके सोपे नाही. सामिष घरांतच पाहावे. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार काही घरी देवीचा नाही तर गणपतीचा. मध्येच एकादशी आणि संकष्टी. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार, आणि त्यांतला सवडीचा एकच. तोही श्रावणात गेला. म्हणजे रविवारच्या मटणामागे पंचांग, पगाराची तारीख आणि वाणी-खाटकाची उधारी असा तिहेरी हिशेब असतो, आणि तो करणाऱ्या बाईला आपण काही नियोजन करतो आहोत असे कधी वाटलेले नसते.

या नियोजनाची वार्षिक परीक्षा म्हणजे दिवाळी. 'फराळ' हा शब्द 'फलाहारा'पासून आला, उपवासाच्या हलक्या खाण्यासाठी. आज तो डब्यांच्या उतरंडीचे नाव आहे. अनारशांचे उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत कोरडे करून कुटायचे, गूळ घालून गोळा मुरू द्यायचा, आणि मग खसखशीवर थापून तळायचे. वसुबारसेला अनारसा पानात हवा, तर दसऱ्याची आवराआवर होते न होते तोच तांदूळ भिजत पडायला हवेत. चकलीची भाजणी त्याच सुमारास भाजून गिरणीत जाते, आणि ती दळून आणायची वेळही साधावी लागते, कारण आधीच्या गिऱ्हाइकाची ज्वारी तीत मिसळली तर चकली बिघडते. करंज्या एकटीने होत नाहीत. पाऱ्या सुकतात. म्हणून चाळींतून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे अशा पाळ्या लागत. कोणत्याही सहकारी संस्थेने अभिमान बाळगावा अशी ही व्यवस्था होती, पण तिचे इतिवृत्त कोणी लिहिले नाही.

छापील पुस्तके आहेत, ती मदतीला येतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे 'गृहिणीमित्र' १९१० चे. 'सूपशास्त्र'कर्ता पुरुष आहे आणि पुढे लेखणी स्त्रीच्या हाती आली, हा प्रवास अभ्यासण्याजोगा आहे. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली. दशमान वजनांचा कायदा १९५६ चा. तेव्हा जुन्या बायकांच्या हातात शेर-पावशेर मुरलेले आणि दुकानात किलो-ग्रॅम आलेले, अशी एक पिढी अडकली होती. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही घरचीच मापे वापरून तिची सोडवणूक केली. या पुस्तकाच्या लोकप्रियतेचे श्रेय चवीइतकेच या मापांना द्यावे, असे माझे मत आहे.

टंचाईचा काळ पुस्तकांत क्वचित दिसतो. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग आले आणि त्यानंतर कित्येक दिवाळ्या साखरेच्या कार्डावर बेतल्या गेल्या. शंकरपाळ्यांत तूप की वनस्पती, हा प्रश्न त्याच दशकांचा. 'डालडा' १९३७ पासून बाजारात होताच. बोनस हा कामगार चळवळीचा मोठा अध्याय आहे. मुंबईच्या गिरण्यांत १९२४ चा संप त्यासाठीच झाला, १९६५ मध्ये कायदा झाला. तो बोनस घरी आल्यावर त्याचे रवा, बेसन आणि तेलात रूपांतर कसे झाले, किती पुरले आणि किती उसने आणावे लागले, हा अध्याय मात्र नाही. सरकारला तो अंधूकसा दिसला असावा: २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शिधापत्रिकेवर शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल दिले. त्यात भाजायला लागणारा वेळ नव्हता, हे सांगायला नको.

माझ्या आईचे दफ्तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर होते. १९७३ मध्ये 'कालनिर्णय' निघाले आणि त्याच्या चौकोनांत तिने दुधाचा रतीब, सिलिंडरची तारीख, 'तांदूळ भिजवणे' आणि पाहुण्यांची संख्या लिहिली. मागच्या पानावरची पाककृती पसंत पडली तर ते पान कापून ठेवी. बाकीचे दिनदर्शिकेचे कागद जानेवारीत फडताळात अंथरले जात. पुराभिलेखागारात बसून मी इतरांच्या जमाखर्चाची कीड लागलेली पाने जपून उलटली आहेत. घरच्या या पानांवर डाळीचे डबे ठेवले.

गिरणगावात एकट्या राहणाऱ्या हजारो पुरुषांना ज्यांनी जेवू घातले त्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केले, तेव्हा रांधणे हे काम आहे हे निदान कागदावर आले. आमच्या विद्यार्थिदशेतल्या मेसमध्ये रविवारी दुपारी गोडाधोडाचे जेवण असे आणि रात्री चूल बंद. आम्ही त्या बंद रात्रीबद्दल कुरकुरत असू, वडापाव खाऊन परतताना मेसच्या मावशी पायरीवर बसलेल्या दिसत. हातात काही नसे.