रिकामा डबा

रेल्वेची लहान प्रतिकृती पाहणाऱ्याचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते. डब्यांकडे नजर वळते ती उशिरा, आणि वळली की बहुधा खिडकीतून पलीकडची खिडकी दिसते. आत बाक नाहीत, माणसे नाहीत. रामाकोन्यावरून धावणाऱ्या नागपूर–छिंदवाडा छोट्या गाडीची प्रतिकृती कोणी करू म्हणेल, तर त्याने डबा असा रिकामा सोडू नये, असे आम्हाला वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही आमचीही राजधानी होती. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सावनेर एका राज्यात, सौंसर दुसऱ्यात. सोयरीक तिकडे, शेती इकडे, अशी घरे मधोमध विभागली गेली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी मात्र सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी थांबत दोन्ही बाजूंच्या माणसांना पूर्वीसारखीच एका बाकावर बसवीत राहिली. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली. पुढे त्याच मार्गावर ब्रॉडगेज आली. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे जुने लोखंड जपले गेले. त्यातून प्रवास करणारी माणसे कशी जपायची?

डब्यात माणसे बसविण्याची हौस जुनीच. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या मेर्कलिन कंपनीचे काही उंची खेळण्यांतले डबे छप्पर उघडणारे असत, आत आसनेही असत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या लायोनेलने सोपी युक्ती केली: खिडक्यांमागे काळ्या छायाकृतींची पट्टी आणि आत दिवा. १९४९ पासून जर्मनीतील प्रायझर कंपनी चिमुकल्या मूर्ती घडवू लागली. मराठी मुलांना हे जग दाखविले ते पुण्यातील जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयाने, १९९८ पासून.

मूर्ती मिळतात; पण त्या ओव्हरकोट घातलेल्या, हॅटवाल्या. असे साहेब रामाकोन्याला कशाला उतरतील? म्हणून रंग न दिलेल्या मूर्ती घ्याव्यात आणि त्यांच्यावर आपले संस्कार करावेत. १:८७ या प्रमाणात साडेपाच फुटांचा माणूस दोन सेंटिमीटरहूनही किंचित बुटका होतो, आणि आपली अडीच फुटांची रेल्वे जेमतेम नऊ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर बसते. हॅटची कड कापली की टोपी होते. पातळ कागद गोंदात भिजवून लपेटला की नऊवारीचा पदर डोक्यावरून येतो. प्रतिकृतीच्या डब्यात चाकांसाठी तळ उंच घ्यावा लागतो, त्यामुळे बसलेल्या मूर्तीचे पाय गुडघ्यापासून कापावे लागतात. खिडकीतून पाय दिसत नाहीत, तेव्हा क्रौर्याचा दोष नाही. बाक पुठ्ठ्याचे चालतात. भिंतींना आतून फिकट रंग द्यावा, नाहीतर माणसे अंधारात बुडतात. दिवा लावायचाच तर मंद पिवळा. पांढऱ्या झगझगाटात छोटी गाडी छोटी गाडी राहत नाही.

खरी अडचण रंगाची नाही, बसण्याची आहे. बाक आडवे असतील तर प्रवाशाचा चेहरा एका बाजूने दिसतो; खिडकीला लागून उभे लांब बाक असतील तर बाहेरून नुसत्या पाठी दिसतात. कोण कोणाशेजारी बसे, संत्र्यांची टोपली बाकाखाली जाई की मांडीवर राही, जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला निघालेली मंडळी कोणत्या स्टेशनावर चढत, लेकीला पोचवायला निघालेला बाप दाराशी उभा राही की आत बसे, हे कोणत्याही आराखड्यावर लिहिलेले नसते. ते आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल, आणि लवकर. डबा खचाखच भरण्याचा मोह मात्र टाळावा. दहाबारा मूर्ती पुरेत. प्रत्येक मूर्ती कोणाची तरी असावी.

छप्पर चिकटवू नये. एखादी आजी डबा पाहून म्हणेल, आम्ही या बाजूला नव्हतो बसत, आणि मग मूर्ती उचलून पलीकडे ठेवावी लागेल.