कुटुंब निवृत्तिवेतन, सैनिकी : अपंग माजी सैनिकाच्या पश्चात

सेवेत असताना किंवा सेवानिवृत्तीनंतर मरण पावलेल्या सैनिकाच्या पत्नीला अथवा पतीला, आणि ते नसल्यास ठरलेल्या क्रमाने अपत्यांना व आईवडिलांना, केंद्र सरकारकडून दरमहा जे वेतन मिळते त्यास सैनिकी कुटुंब निवृत्तिवेतन म्हणतात. मृत सैनिक सेवेतील जखमेमुळे वा आजारामुळे अपंग झालेला असेल, तर हा हक्क अधिक गुंतागुंतीचा होतो; कारण त्याच्या हयातीत मिळणाऱ्या रकमेचा एक भाग त्याच्याबरोबरच संपतो आणि मागे राहिलेल्या पत्नीला नेमके किती मिळावे, हे मृत्यूच्या कारणावर ठरते. प्रस्तुत नोंदीत या हक्काचे स्वरूप आणि तो मिळवण्याची रीत अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यातील खर्डा या गावाच्या संदर्भात दिली आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : खर्डा हे निंबाळकर घराण्याचे ठाणे होते आणि तेथील भुईकोट किल्ला अठराव्या शतकातील आहे. मार्च १७९५ मध्ये या परिसरात सवाई माधवराव पेशव्यांच्या बाजूने एकवटलेले मराठी सरदार आणि हैदराबादचा निजाम अली यांच्यात लढाई झाली. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात आश्रय घेऊन अखेर तह करावा लागला. मराठी फौजेचे सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन हे स्वतः या लढाईत जखमी झाले होते. रणात पडलेल्याच्या घरच्यांना पोसण्याची जबाबदारी राज्याची आहे, ही कल्पना त्यापूर्वीच महाराष्ट्रात रुजलेली होती. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत १६५९ मधील अफजलखान प्रसंगानंतरची व्यवस्था नोंदवली आहे : मृतांच्या मुलांना चाकरीत घेण्यात आले, ज्यांना मुलगे नव्हते त्यांच्या बायकांना निम्मे वेतन लावून देण्यात आले आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम देण्यात आली. पुढे पेशवाईत अशा कुटुंबांना दिलेल्या नेमणुकीला बालपरवेशी म्हणत. जखमेच्या तीव्रतेनुसार भरपाई आणि विधवेला वेतनाचा ठरावीक हिस्सा ही दोन्ही तत्त्वे आजच्या नियमांतही आढळतात. ब्रिटिश काळात पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी इंडियन सोल्जर्स बोर्ड स्थापन झाले; आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड ही त्याचीच पुढची अवस्था होय.

अपंगत्व निवृत्तिवेतनाची रचना : सैनिकाचे अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले आहे आणि ते किमान २० टक्के आहे, असे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास त्याला अपंगत्व निवृत्तिवेतन मिळते. त्याचे दोन घटक असतात. पहिला सेवा अंश, म्हणजे केलेल्या नोकरीबद्दलचे वेतन. दुसरा अपंगत्व अंश, जो १०० टक्के अपंगत्वासाठी गणनायोग्य वेतनाच्या, म्हणजे निवृत्तिवेतन ज्यावर मोजतात त्या अखेरच्या वेतनाच्या, ३० टक्के असतो आणि कमी अपंगत्वासाठी त्याच प्रमाणात घटतो. युद्धात वा युद्धसदृश कारवाईत झालेल्या जखमेसाठी युद्धजखम निवृत्तिवेतनाचे अधिक दर आहेत. पूर्णतः परावलंबी झालेल्या सैनिकाला सतत परिचर्या भत्ताही मिळतो. अपंगत्व अंश आणि परिचर्या भत्ता हे दोन्ही सैनिकाच्या मृत्यूच्या दिवशी थांबतात. ज्या पत्नीने वर्षानुवर्षे त्याचे उठणे-बसणे, जखमांची मलमपट्टी आणि औषधपाणी सांभाळले, तिच्या घरातील उत्पन्न त्यामुळे एकाएकी खाली येते, आणि म्हणूनच पुढील प्रकारांपैकी कोणता प्रकार तिला लागू होतो हा प्रश्न तिच्या उरलेल्या आयुष्याच्या दृष्टीने निर्णायक असतो.

प्रकार व दर : सातव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे १ जानेवारी २०१६ पासून, लागू असलेल्या दरांनुसार तीन मुख्य प्रकार आहेत. (१) सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन हे गणनायोग्य वेतनाच्या ३० टक्के आणि किमान ९,००० रुपये असते. निवृत्त सैनिकाचा मृत्यू झाल्यास पहिली सात वर्षे, किंवा तो हयात असता तर ज्या दिवशी ६७ वर्षांचा झाला असता त्या दिवसापर्यंत, यांपैकी जो काळ आधी संपेल तोवर ते ५० टक्के या वाढीव दराने दिले जाते. (२) विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ६० टक्के असते आणि मृत्यू सेवेमुळे उद्भवलेल्या वा बळावलेल्या जखमेने किंवा आजाराने झाला असेल, अथवा त्यामुळे तो लवकर ओढवला असेल, तर ते मिळते. (३) उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या गणनायोग्य वेतनाइतके, म्हणजे १०० टक्के, असून ते युद्ध, सीमेवरील कारवाई वा दहशतवादविरोधी मोहीम यांतील मृत्यूसाठी असते. या सर्वांवर महागाई भत्ता वेगळा मिळतो.

तफावत किती मोठी आहे हे एका हिशोबावरून दिसेल. गणनायोग्य वेतन ४०,००० रुपये आणि अपंगत्व १०० टक्के मानल्यास सैनिकाला हयातीत २०,००० रुपये सेवा अंश व १२,००० रुपये अपंगत्व अंश मिळून ३२,००० रुपये मिळतात. त्याच्या पश्चात पत्नीला सामान्य प्रकारात आधी २०,००० आणि वाढीव दराचा काळ सरल्यावर १२,००० रुपये मिळतील, तर विशेष प्रकारात कायम २४,००० रुपये मिळतील. कागदावर एका शब्दाने बदलणारा हा प्रकार प्रत्यक्षात तिच्या उत्पन्नाला दुप्पट किंवा निम्मे करतो.

मृत्यूच्या कारणाचा प्रश्न : सैनिक अपंगत्व निवृत्तिवेतन घेत होता एवढ्याने पत्नीला आपोआप विशेष दर मिळत नाही; ज्या अपंगत्वासाठी ते वेतन मंजूर झाले, त्याच्याशी मृत्यूचा संबंध दाखवावा लागतो. मणक्याच्या जखमेने अंथरुणाला खिळलेला सैनिक पुढे मूत्रमार्गाच्या संसर्गाने वा शय्याव्रणांतून पसरलेल्या जंतुदोषाने दगावला, तर तो संसर्ग मूळ जखमेचाच परिणाम असतो. पण दाखल्यावर केवळ हृदय बंद पडल्याची नोंद असेल, तर हा संबंध अभिलेखात उमटतच नाही. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात तात्कालिक कारण, त्यामागील कारण आणि मूळ कारण अशी साखळी लिहिण्याची सोय असते; रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना ४-अ वापरला जातो. खर्ड्यासारख्या गावात पुष्कळ मृत्यू घरीच होतात आणि ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करून मृत्यूचा दाखला मिळतो. परंतु त्या दाखल्यावर कारण नसते, त्यामुळे उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून नमुना ४-अ मधील प्रमाणपत्र त्याच वेळी मागून घेणे आणि जुने वैद्यकीय मंडळाचे अहवाल, लष्करी रुग्णालयाची कागदपत्रे व अखेरच्या आजाराचे केसपेपर एकत्र जपून ठेवणे अत्यंत आवश्यक ठरते. डॉक्टरला पूर्वीच्या सैनिकी जखमेची माहिती कुटुंबानेच द्यावी लागते, कारण ती त्याला ठाऊक असेलच असे नाही.

दाव्याची रीत : सैनिकाच्या निवृत्तिवेतन प्रदान आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये, पत्नीचे नाव नोंदलेले असेल तर सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन तुलनेने लवकर सुरू होते. मृत्यूची खबर बँकेला किंवा ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर द्यावी लागते. संरक्षण दलांचे निवृत्तिवेतन टप्प्याटप्प्याने याच प्रणालीवर आणले गेले असून तिचे काम प्रयागराज येथील संरक्षण लेखा (निवृत्तिवेतन) कार्यालयाकडून चालते आणि तिच्या सेवा गावपातळीवरील सामायिक सेवा केंद्रांतूनही मिळतात. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, पीपीओ, डिस्चार्ज बुक, पत्नीचे आधार व पॅन कार्ड, छायाचित्र आणि बँक खात्याचा तपशील लागतो. निवृत्तिवेतन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून देय होते. मृत्यूच्या दिवसापर्यंतची थकलेली रक्कम वेगळी मागावी लागते, आणि मृत्यूनंतर खात्यात जमा झालेले सैनिकाचे वेतन काढून खर्च केल्यास त्याची पुढे वसुली होते, ही गोष्ट शोकाच्या दिवसांत बहुधा कोणी सांगत नाही.

विशेष कुटुंब निवृत्तिवेतनाचा दावा मात्र सैनिकाच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयामार्फत, म्हणजे रोजच्या बोलण्यातील रेकॉर्ड ऑफिसमार्फत, जातो. हे कार्यालय कोठे आहे हे पलटणीवर अवलंबून असते : चिलखती दल व यांत्रिक पायदळ यांची केंद्रे अहिल्यानगर शहरातच आहेत, तोफखान्याचे कार्यालय नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तर महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. खर्ड्याहून जिल्ह्याचे ठिकाणच सुमारे शंभर किलोमीटरवर असल्यामुळे या पत्रव्यवहारात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा आधार महत्त्वाचा असतो. तेथील जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी आणि तालुक्यांत फिरणारे कल्याण संघटक अर्ज भरून घेतात, कागदांची छाननी करतात आणि अभिलेख कार्यालयाशी पत्रव्यवहार करतात. या सेवेसाठी शुल्क नसते.

नेहमीच्या अडचणी : महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबांत लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. त्यामुळे डिस्चार्ज बुकात सासरचे, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आणि आधार कार्डावर तिसऱ्याच वळणाचे नाव आढळते. सैनिक सेवेत असताना त्याच्या पलटणीने काढलेल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये विवाहाची व अपत्यांची नोंद झाली असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. ती नसल्यास प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणी व ग्रामपंचायतीचे दाखले जोडावे लागतात. सैनिक हयात असतानाच अभिलेख कार्यालयाकडून पत्नीचे नाव, जन्मतारीख आणि संयुक्त खाते यांची दुरुस्ती करून घेणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. पहिला विवाह कायद्याने कायम असताना झालेला दुसरा विवाह हे दावा नाकारण्याचे आणखी एक कारण ठरते; अशा प्रकरणांत पत्नीचा हक्क मान्य झाला नाही तरी तिच्या अपत्यांचा हक्क वेगळा तपासला जातो. अपत्यांपैकी मुलाला २५ वर्षांपर्यंत, अविवाहित, विधवा वा घटस्फोटित मुलीला नियमांच्या अधीन राहून त्यापुढेही, आणि स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपंग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. निपुत्रिक विधवेने पुनर्विवाह केला तरी तिचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेतोवर तिचे सामान्य कुटुंब निवृत्तिवेतन चालू राहते.

अपील व न्यायालये : दावा फेटाळला गेल्यास कारणांसह लेखी आदेश मागून पहिले व नंतर दुसरे प्रशासकीय अपील करता येते. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ मुंबईत आहे आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करणे अपेक्षित असते. सर्वोच्च न्यायालयाचे काही निर्णय येथे विशेष उपयोगी आहेत. धरमवीर सिंग प्रकरणात (२०१३) न्यायालयाने म्हटले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे आणि आजार सेवेशी निगडित नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील. तरसेम सिंग प्रकरणात (२००८) निवृत्तिवेतन नाकारणे ही दरमहा पुन्हा घडणारी हानी मानली गेली. त्यामुळे उशिरा केलेला दावाही ऐकला जातो, मात्र थकबाकी साधारणतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. राम अवतार प्रकरणात (२०१४) अपंगत्वाची टक्केवारी ५०, ७५ किंवा १०० अशी वर पूर्णांकित करण्याचा लाभ मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही लागू झाला, आणि पतीला हयातीत न मिळालेली अशी वाढ त्याच्या थकबाकीत मागण्याचा मार्ग त्यामुळे पत्नीला उपलब्ध झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये हक्कनिर्धारणाचे नवे नियम आले असल्याने, प्रत्येक प्रकरणात कोणत्या तारखेचा नियम लागू होतो हे आधी पाहावे लागते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत विधी सहाय्य मिळण्याचा अधिकार आहे.

अन्य आधार : कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी पत्नी १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचा लाभ घेऊ शकते. पात्र अपत्यांना व्यावसायिक शिक्षणासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती मिळते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक व सैनिक विधवा यांच्या घराला मालमत्ता करातून सूट देणारी योजना आणली असून ती ग्रामपंचायत हद्दीतही लागू आहे. अपंग सैनिकांच्या पुनर्वसनासाठी पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र (१९४४), खडकी येथील क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट (१९१७) आणि अर्धांगवायू पुनर्वसन केंद्र (१९७४) या संस्था परिचित आहेत; तेथील उपचारांच्या नोंदी पुढे पत्नीच्या दाव्यात भक्कम पुरावा ठरतात.

मूल्यमापन : अमेरिकेत माजी सैनिक मृत्यूपूर्वी सलग दहा वर्षे सेवाजन्य कारणाने पूर्णतः अपंग म्हणून नोंदलेला असेल, तर मृत्यूचे कारण काहीही असले तरी त्याच्या पत्नीला भरपाई देण्याची तरतूद आहे. भारतीय पद्धतीचा भर मृत्यू आणि सेवा यांच्यातील कारणसंबंधावर असल्यामुळे पुराव्याचे ओझे व्यवहारात बहुतांशी विधवेवरच पडते, आणि तेही अशा दिवसांत, जेव्हा ते पेलण्याची शक्ती तिच्यात सर्वांत कमी असते. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून उत्पन्न झालेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा प्रकरणात (१९८२) निःसंदिग्धपणे सांगितले. त्या तत्त्वाचा लाभ खर्ड्यातील एकट्या बाईपर्यंत पोहोचायचा असेल, तर तो सैनिकाच्या हयातीत झालेल्या नोंदी, मृत्यूच्या दिवशी नीट लिहिले गेलेले कारण आणि तालुक्यापर्यंत येणारा जाणकार कल्याण संघटक या तीन गोष्टींवर अवलंबून असतो; यांपैकी पहिल्या दोन कुटुंबाला स्वतः करता येण्याजोग्या आहेत, तिसरी पुरवणे हे शासनाचे कर्तव्य आहे.