म्हातारा कुत्रा घरातली वाट विसरतो तेव्हा

तुमचा बारा-तेरा वर्षांचा कुत्रा रात्री उठून घरभर येरझाऱ्या घालतो, दार उघडण्याऐवजी बिजागरीच्या बाजूला उभा राहतो, कधी नव्हे ते घरात लघवी करतो. "म्हातारा झालाय, चालायचंच," असे आपण म्हणतो. माणसांच्या विसरण्याबद्दलही पूर्वी हेच म्हटले जाई.

१९०६ साली जर्मनीत डॉ. अलोइस अल्झायमर यांनी स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत दिसलेले बदल प्रथम मांडले. पेशींच्या बाहेर एका पदार्थाचे साठे होते आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता होता. १९५६ साली जर्मनीतच फॉन ब्राउनम्यूल यांनी म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही तसे साठे असल्याचे लिहिले. पुढे कळले की हे साठे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे असतात, आणि कुत्र्यातले व माणसातले हे प्रथिन तंतोतंत सारखे आहे. तंतूंचा गुंता मात्र कुत्र्यांत सहसा दिसत नाही. म्हणून हा आजार अल्झायमरचा सख्खा नव्हे, चुलतभाऊ म्हणावा.

तरीही कुत्र्याच्या वागण्यातल्या बदलांना आजार म्हणून मान्यता मिळायला १९९० चे दशक उजाडले. १९९८ मध्ये अमेरिकेत पार्किन्सनसाठी वापरले जाणारे सेलेजिलिन हे औषध कुत्र्यांच्या या आजारासाठी मंजूर झाले. २००१ च्या एका अमेरिकी पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के, तर १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत याचे किमान एक लक्षण आढळले.

२००५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग अधिक दिलासा देणारा आहे. म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांना दोन वर्षे अँटिऑक्सिडंटयुक्त आहार, व्यायाम, खेळणी आणि सोबत दिली. त्यांची शिकण्याची क्षमता इतरांपेक्षा चांगली टिकली.

यातून आपण काय घ्यायचे? वागणे बदलले तर आधी पशुवैद्यांना दाखवा. अंधत्व, बहिरेपणा, सांधेदुखी किंवा मूत्रपिंडाच्या विकारातही अशी लक्षणे दिसतात. घरातल्या माणसाची गोळी स्वतःच्या मनाने कुत्र्याला देऊ नका. रोज ठरल्या वेळी फिरायला न्या, फर्निचरची जागा बदलू नका, रात्री छोटा दिवा ठेवा. आणि घरात लघवी झाली म्हणून त्याला मारू नका. तो हट्ट करत नाही, त्याला आठवत नाही.

घरातल्या आजी-आजोबांच्या विसरण्यालाही "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. त्यांनाही वेळेवर तपासून घ्या.