मखरातला दिवा : हॅलोजनपासून एलईडीपर्यंत

आमच्या बडोद्याच्या घरी गणपती बसतो तो दिवाणखान्यातल्या कोनाड्यात. २००३ साली घराचे काम काढले, तेव्हा बाबांनी हौसेने फॉल्स सीलिंग करून घेतले आणि मूर्तीच्या बरोबर वर ५० वॅटचा हॅलोजन बसवला. मूर्ती सोन्यासारखी झळाळली. पण दुपारपर्यंत दूर्वा सुकल्या आणि तिसऱ्या दिवशी थर्मोकोलच्या मखराची कमान वितळून खाली वाकली. शेजारी पडदा असता तर? मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला. ‘काही होत नाही’ असे बाबांना मीच सांगितले होते.

खरे तर तापणे हा हॅलोजनचा दोष नाही, ती त्याच्या कामाची अटच आहे. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून झिजते आणि तिची वाफ काचेवर काजळीसारखी बसते. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एल्मर फ्रिडरिख आणि एमेट वायली यांनी यावर तोड काढली. १९५९ साली त्यांना पेटंट मिळाले. बल्बमध्ये थोडे आयोडीन घातले की ते टंगस्टनच्या वाफेला धरते आणि पुन्हा तारेपाशी नेऊन सोडते. मात्र त्यासाठी काचेची भिंत २५० अंशांच्या वर तापलेली असावी लागते. म्हणून काच क्वार्ट्झची आणि दिवा इवलासा. १९६२ पासून युरोपात मोटारींच्या पुढच्या दिव्यांत हॅलोजन आला. आपल्याकडे मांडवात, लग्नात आणि रात्रीच्या क्रिकेटमध्ये तो घरच्यासारखा झाला.

गंमत अशी, की त्याच १९६२ साली, त्याच कंपनीत, निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी बनवला. यात तापणारी तारच नाही; अर्धवाहकातून वीज जाताना थेट प्रकाश निघतो. पण लाल दिव्याने घर उजळत नाही. पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो मिळायला तीस वर्षे लागली. जपानमध्ये इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी तो साधला. निळ्या प्रकाशावर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

लगेच पुढच्या वर्षी, ५ जानेवारी २०१५ रोजी, आपल्याकडे उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ साली ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१८ पासून घरगुती वापराच्या बहुतेक हॅलोजन बल्बांची नवी आवक थांबवली.

आमच्याकडे २०१६ च्या गणपतीत बदल झाला. नवा ५ वॅटचा दिवा लावला, तर तो लुकलुकू लागला. मी दुकानदाराशी भांडून दिवा परत केला. दुसराही तसाच! मग लक्षात आले, की छतात हॅलोजनचा जुना ट्रान्सफॉर्मर तसाच होता. त्याला चालायला किमान वीसेक वॅटचा भार लागतो. पाच वॅट त्याच्या खिजगणतीतही नव्हते. एलईडीचा ड्रायव्हर बसवला आणि दिवा स्थिरावला. दुकानदाराची माफी मागून आलो.

तरी आई म्हणाली, “बाप्पा आजारी दिसतोय रे.” उजेड ६५०० केल्विनचा, निळसर होता. २७०० केल्विनचा पिवळसर दिवा आणला तेव्हा तिचे समाधान झाले.

हॅलोजन उष्णतेवर जगतो, एलईडी उष्णतेने मरतो. म्हणून दिवा बदलताना फक्त वॅट पाहू नयेत. ट्रान्सफॉर्मर बघावा, उजेडाचा रंग बघावा आणि एलईडीच्या मागे हवेला वाट ठेवावी. ज्यांच्या मखरावर अजून हॅलोजन आहे, त्यांनी यंदा मूर्ती आणण्याआधीच तो उतरवावा.

आता बाबा नाहीत. त्यांनी करून घेतलेले छत आहे, भोकही तेच आहे. दिवा बदलला आहे. अकराव्या दिवशीही मूर्तीच्या डोक्यावर हात धरला तर ऊब जाणवत नाही. सकाळी वाहिलेल्या दूर्वा संध्याकाळच्या आरतीपर्यंत हिरव्या राहतात.